गाडा, मोटार आणि चित्ता

मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्माबादच्या स्थानकातून आज जाणारा लोहमार्ग रुंदमापी आहे. त्याच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असते. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात हा मनमाड–सिकंदराबाद मार्ग सुरू झाला तेव्हा ते अंतर १००० मिलिमीटर होते आणि गाडी वाफेच्या इंजिनावर धावत असे. ती इंजिने आता इतिहासजमा झाली आहेत. तरी त्यांचा विषय निघाला की जुनी माणसे हरखून बोलू लागतात. एखादे इंजिन दुरुस्त करून पुन्हा चालवावे, मुलांना दाखवावे, असे अनेकांना वाटते आणि त्यात वावगे काहीच नाही.

याच काळात, याच संस्थानी जगात, आणखी एका ‘वाहनाचा’ थाट होता. तो म्हणजे चित्त्याचा गाडा. हैदराबाद, बडोदा, कोल्हापूर, भावनगर अशा अनेक दरबारी शिकवलेले चित्ते असत. इंग्लंडचा युवराज १८७५ साली बडोद्यास आला तेव्हा पाहुणचाराच्या कार्यक्रमात चित्त्याची शिकार होती. त्याचा नातू १९२१ साली आला तेव्हाही ती होतीच. गाडा आणि इंजिन ही दोन्ही जुन्या काळाची वैभवे. मग दोन्ही सारख्याच प्रेमाने जपावीत का? वर्गात मुलांनी असा प्रश्न विचारला तर उत्तर काय द्यावे, याचा थोडा विचार करू.

गाड्याची युक्ती

चित्ता आणि बिबट्या यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखे ठिपके असतात, तर चित्त्याच्या अंगावर भरीव. शिवाय चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. तो ताशी सुमारे १०० किलोमीटरचा वेग गाठतो, पण काहीशे मीटरपुरताच. म्हणून सावजाच्या बरेच जवळ पोचल्याशिवाय त्याचा वेग उपयोगाचा नाही. उघड्या माळावर काळवीट तर लांबूनच माणूस ओळखून पळते.

यावर उपाय म्हणून बैलगाडी आली. काळविटांना शेतकऱ्यांच्या गाड्या रोजच्या परिचयाच्या होत्या. मराठवाड्यातही काळविटे शेतशिवाराच्या आधाराने राहतात. पिकात कळप शिरला की शेतकरी किती वैतागतो, हे तिथल्या मुलांना सांगावे लागत नाही. पायी माणूस दिसला की पळणारा कळप बैलगाडी दिसली तरी चरत राही. म्हणून कठडे नसलेल्या बुटक्या गाड्यावर चित्त्याला बसवत. त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी आणि कमरेला दोर असे. गाडा कळपाभोवती वळसे घेत जवळ सरके. अंतर पुरेसे कमी झाले की टोपी काढत आणि दोर सोडत. चित्त्याने काळवीट पाडले की रखवालदार धावत जाऊन त्याचा गळा चिरत, लाकडी पळीतून चित्त्याला रक्त पाजत आणि त्याची पकड सुटताच टोपी पुन्हा चढवत. पुढे काही दरबारांत बैलांची जागा मोटारीने घेतली.

या युक्तीत प्राण्यांच्या वर्तनाचे बारीक निरीक्षण आहे, हे मान्य करायला हवे. प्रत्येक वन्य प्राणी ‘धोका किती जवळ आला की पळायचे’ हे अंतर ठरवतो आणि कोणत्या वस्तूला किती भ्यायचे हे अनुभवातून शिकतो. शिकाऱ्यांनी हे पुस्तकाशिवाय ओळखले होते.

माणसाळलेला, पण पाळीव नव्हे

चित्ता सहज माणसाळतो. तो सिंहासारखी डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुरघुरतो आणि माणसावर सहसा हल्ला करत नाही. पण माणसाळणे आणि पाळीव होणे या निराळ्या गोष्टी आहेत. माणसाळतो तो एक प्राणी, त्याच्या एका आयुष्यात. पाळीव होते ती जात, शेकडो पिढ्यांच्या निवडक पैदाशीतून. गाय, कुत्रा आणि कोंबडी पाळीव आहेत. चित्ता कधीच पाळीव झाला नाही, कारण पिंजऱ्यात त्याची पैदासच होत नसे.

अकबराच्या पदरी एका वेळी सुमारे हजार चित्ते होते असे सांगतात. त्यांची जोडी जमावी ही त्याची इच्छा पुरी झाली नाही. पुढे जहांगीरच्या काळात एक नर गळपट्टा निसटून मादीजवळ गेला आणि तिला तीन पिल्ले झाली. हे नवल बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले. तो काळ १६१३ च्या सुमाराचा. यानंतर बंदिवासात चित्त्याला पिल्ले झाल्याची नोंद थेट १९५६ मधली, अमेरिकेतील फिलाडेल्फिया प्राणिसंग्रहालयातली. ती पिल्लेही जगली नाहीत. मादी स्वभावतः एकटी राहते, नर बहुधा दोघातिघांच्या टोळीने फिरतात. दोघांना सतत शेजारी बांधून ठेवले तर जोडी जमत नाही. त्यांना वेगळे ठेवून योग्य वेळी एकत्र आणावे लागते. हे ध्यानात यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

त्यामुळे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणावा लागे. तोही पिल्लू असून चालत नसे. शिकार आईकडून शिकलेला पूर्ण वाढीचा प्राणीच उपयोगी पडे. चित्ते खुणा करायला ठराविक झाडांशी येतात. त्या झाडांभोवती फास मांडत. पकडलेल्या चित्त्याला डोळे झाकून खाटेशी बांधत, उपाशी ठेवत, झोपू देत नसत आणि माणसांच्या गजबजाटाची सवय व्हावी म्हणून बाजारातून फिरवत. मग तेच रखवालदार त्याला हाताने भरवत, त्याच्याशेजारी झोपत. त्यांची माया खोटी नव्हती. पण एका चित्त्याची सोय म्हणजे रानातल्या एका पिढीची तूट, हा हिशोब त्या मायेने बदलत नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले. शिकारीखेरीज माळराने नांगराखाली जाणे आणि काळविटे घटणे हीही कारणे होती. मग कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली. या इतिहासाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह यांच्या मते १९१८ ते १९४५ या काळात भारतात असे सुमारे २०० चित्ते आले. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही नर, एकत्र बसलेले. भारतातील रानटी चित्त्यांची ही अखेरची खात्रीची नोंद मानतात. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले.

सुटा भाग

आता इंजिनाकडे परत येऊ. ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १८५५ साली इंग्लंडमध्ये तयार झाले. ते १९०९ मध्ये निवृत्त झाले आणि १९९७ साली पुन्हा रुळांवर धावले. २०११ मध्ये त्याचे भाग चोरीला गेले, तेव्हा पेरांबूरच्या कारखान्यात दुरुस्ती करून ते २०१७ साली परत चालवले गेले. यंत्राचा सुटा भाग लेथवर पुन्हा घडवता येतो. बंद पडलेले इंजिन शंभर वर्षे शेडमध्ये उभे राहिले, तरी त्याला भूक नाही, भय नाही, पिल्ले नाहीत.

चित्त्याचे तसे नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. मार्च २०२३ मध्ये तेथे चार पिल्ले जन्मली, पण मे महिन्याच्या कडक उन्हाळ्यात त्यांतली तीन दगावली. विमाने, औषधे, गळ्यातले रेडिओ-पट्टे हाताशी असूनही एक हरवलेली जात परत वसवणे किती अवघड आहे, हे त्यावरून दिसते.

म्हणून मुलांना सांगता येईल की गाडा जपावा, टोपी आणि पळीही संग्रहालयात ठेवावी, त्यामागची कारागिरी समजावून घ्यावी. फक्त गाड्यावरची जागा रिकामी असावी. कायद्याचे म्हणणेही याच दिशेचे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सर्कशीतील वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवरची बंदी १९९८ च्या अधिसूचनेने आली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २००१ साली कायम ठेवली.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. शेतात बगळे उतरले असताना मुलांनी आधी पायी जवळ जावे आणि ते किती पावलांवर उडतात हे मोजावे. मग बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जवळून जाताना तेच अंतर लांबून, अंदाजाने नोंदवावे. दहा-दहा नोंदींची सरासरी काढावी. फरक आढळला, तर चित्त्याचा गाडा का चालत असे ते मुलांना स्वतः कळेल, आणि त्यासाठी एकाही प्राण्याला बांधावे लागणार नाही.