वसई बंदराचा वारसा

परंदवडीसारख्या मावळातल्या गावाला बंदराशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु आठवडेबाजारात सुक्या बोंबलांची पाटी उघडली, की घाटाखालचा समुद्र आपल्याला वासानेच भेटतो!

युरोपातील उत्तर समुद्राकाठी खारवलेल्या हेरिंग माशावर गावेच्या गावे जगली. अतोनात मासेमारीमुळे १९७७ साली तेथे ती बंद करावी लागली. वसईची कथा निराळी. १५३४ च्या तहाने हे बंदर पोर्तुगीजांकडे गेले, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ते जिंकले आणि पुढे व्यापार मुंबईकडे वळला. गलबते गेली, पाचूबंदरचे कोळी राहिले. त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही आहेत.

त्यांची डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे. ते भरती-ओहोटीच्या ओढीवर भरते. उधाणाला अधिक, भांगाला थोडे. म्हणून तिथीचे गणित कोळ्याला तोंडपाठ. मग एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून स्त्रिया ती जोडी वलांडीवर टांगतात. हे कौशल्य कोणत्याही दप्तरात नाही.

किल्ल्याच्या तटाला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. वलांडीखालच्या वाळूला कोणाचे आहे?