सरळ रेषेतले चाळीस मैल

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र रुग्णालये आहेत. २०१४च्या एप्रिलमध्ये ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातील अशाच एका रुग्णालयाचा कारभार चव्हाट्यावर आला. तिथूनच निवृत्त झालेले डॉक्टर सॅम फूट बोलले म्हणून.

रुग्णाला १४ दिवसांत डॉक्टरची भेट मिळावी, असे उद्दिष्ट होते आणि अधिकाऱ्यांची बक्षिसी, पगारवाढ ठरवताना ते पाहिले जाई. पुढचे आम्हा शिक्षकांना सांगायला नको. वरून आलेला आकडा कागदावर गाठला जातोच. महानिरीक्षकांनी २२६ जणांची प्रकरणे तपासली. रुग्णालयाने कळवले होते, पहिल्या भेटीला सरासरी २४ दिवस लागले. निघाले ११५. शिवाय सुमारे १,७०० जणांची नावे अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतीच. यादीत नाव नाही, म्हणजे इंतजारही नाही!

खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी ३० मे रोजी राजीनामा दिला. ते स्वतः व्हिएतनाममध्ये जखमी झालेले सेनानी. सिनेटमध्ये एरवी एकमेकांच्या विरोधातले बर्नी सँडर्स आणि जॉन मॅकेन एकत्र आले आणि ७ ऑगस्टला ओबामांनी कायद्यावर सही केली. ३० दिवसांत भेट मिळत नसेल किंवा घर सरकारी दवाखान्यापासून ४० मैलांहून दूर असेल, तर सरकारी खर्चाने खासगी डॉक्टरकडे जाता येणार होते.

मला या सगळ्यात बोलके वाटतात ते हे ४० मैल. ते मोजले गेले सरळ रेषेत, नकाशावर पट्टी ठेवावी तसे. कोकणातल्या खाडीकाठच्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण पूल नसला तर केवढा वळसा! तिथेही डोंगर किंवा तलाव मधे आला, की कागदावर जवळ राहणारा म्हातारा सैनिक तासन्‌तास गाडी हाकत होता. त्यात जवळच्या दवाखान्यात त्याला हवा तो उपचार होतो का, हे विचारलेच जात नव्हते. हृदयाचा डॉक्टर तिथे नसला तरी दवाखाना जवळच!

२०१५च्या वसंतात खात्याने प्रत्यक्ष रस्त्याचे अंतर धरायला सुरुवात केली. २०१८मध्ये नवा कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांत मैल गेले, मिनिटे आली: नेहमीच्या डॉक्टरसाठी सरासरी ३० मिनिटांचा प्रवास, तज्ज्ञासाठी ६०. हे नियम ६ जून २०१९ पासून लागू झाले.