तारेवर टांगलेलीं घरें

सेंट लॉरेन्स नदीच्या कांठच्या गृहस्थास हिमवर्षावाचें भय बेताचेंच. फावड्यानें दार मोकळें करणें, छपरावरील भार उतरविणें, ही विद्या कॅनडाच्या क्वीबेक प्रांतांत बापाकडून मुलाकडे चालत आलेली आहे. परंतु इ. स. १९९८ च्या जानेवारींत तेथें जें संकट कोसळलें, त्यापुढें फावडें व्यर्थ होतें. त्यास तेथील फ्रेंच भाषेंत 'व्हेर्ग्ला' म्हणतात. मराठींत त्यास शब्द नाहीं, हें आपलें भाग्यच समजावयाचें.

वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत गोठणबिंदूखालील हवेचा थर, अशी स्थिति झाली म्हणजे पाऊस पाणी म्हणूनच खालीं येतो. पण तार, फांदी, छप्पर, ज्यास त्याचा स्पर्श होईल त्यावर तो कांचेसारखा गोठून बसतो. ता. ५ पासून ९ पर्यंत हा पाऊस थांबून थांबून पडत राहिला. त्या भारानें विजेचे शेंकडों पोलादी मनोरे वांकले आणि सुमारें ३०,००० लांकडी खांब मोडले. एकट्या क्वीबेकमध्यें जवळजवळ १४ लाख ग्राहकांची वीज गेली.

वाचकांस वाटेल कीं, दिवे गेले, एवढेंच. तसें नव्हतें. उत्तरेकडील नद्या अडवून निर्माण केलेली वीज इतकी स्वस्त झाली होती कीं, बहुतेक घरांनीं ऊबहि तारेकडेच सोंपविली होती. धूर गेला, लांकडें फोडण्याचे कष्ट गेले. त्याबद्दल त्या गृहिणींस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण तार तुटतांच ऊब, स्वयंपाक आणि खेड्यांतून विहिरीचा पंपदेखील एकाच क्षणीं बंद पडला. ज्या घरीं जुनी लोखंडी चूल शिल्लक होती, तेथें शेजारीपाजारी अंथरुणें घेऊन जमले. कांहीं अभाग्यांनीं मात्र अंगणांतील कोळशाची शेगडी बंद घरांत आणली, आणि तिच्या विषारी वायूनें त्यांचे प्राण घेतले.

गोठ्यांत निराळाच आकांत. शेंकडों गाईंचें दूध हातानें काढणें अशक्य. म्हणून वीज उत्पन्न करणारें एकच यंत्र या गोठ्यांतून त्या गोठ्यांत फिरविलें जाई, आणि काढलेलें दूध पुष्कळदां ओतून द्यावें लागे. बूशेरव्हिल गांवीं तर आगगाडीचें डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्यानें चालवीत नेलें आणि त्याच्याकडून नगरपालिकेस वीज घेतली!

मदतीस १५,००० हून अधिक सैनिक आले. शाळांतून निवारे उघडले. तरी कित्येक वृद्ध घर सोडीनात. त्यांस समजाविण्यास पोलीस आणि सैनिक दारोदार हिंडले. मॉन्ट्रिऑलच्या दक्षिणेस तीन गांवांमधील टापूला लोकांनीं 'काळा त्रिकोण' असें नांव दिलें. तेथील कांहीं घरांत दिवा लागला, तेव्हां फेब्रुवारी उजाडला होता.