वाळूचा किल्ला, प्लास्टिकची बादली

समुद्रकिनाऱ्यावर बांधलेल्या वाळूच्या किल्ल्याचे आयुष्य फार तर एका ओहोटीएवढे असते. पुढची भरती आली की बुरूज ढासळतात आणि तासाभरात तेथे किल्ला होता याची खूणही उरत नाही. तो बांधण्यासाठी आणलेली प्लास्टिकची बादली मात्र किनाऱ्यावर विसरली गेली, तर उन्हाने तडकत आणि लाटांनी फुटत तिचे तुकडे वर्षानुवर्षे त्याच वाळूत मिसळत राहतात. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकपासून बनविलेली वाळूची खेळणी आता बाजारात मिळू लागली आहेत. ती घेतल्याने हा प्रश्न सुटतो काय, हे ठरविण्यासाठी आधी वाळू आणि मग प्लास्टिक, दोन्ही जरा जवळून पाहावी लागतात.

वाळू कशाची?

भूशास्त्रात वाळू हे कोणत्याही एका पदार्थाचे नाव नाही; ते आकाराचे नाव आहे. साधारण ०.०६ मिलिमीटरपासून २ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू. त्याहून मोठा तो खडा, त्याहून लहान तो गाळ आणि त्याहूनही बारीक ती चिकणमाती. कण गारगोटीचा आहे, शिंपल्याचा आहे की काळ्या खडकाचा, याच्याशी या व्याख्येला कर्तव्य नाही.

म्हणूनच प्रत्येक किनाऱ्याची वाळू वेगळी असते. मुंबई आणि रायगडच्या मागे दख्खनचा काळा बेसाल्ट उभा आहे. या खडकात गारगोटी जवळपास नसते. त्यामुळे येथील पुळणीत खडकाचे काळपट कण आणि शंखशिंपल्यांचा चुरा यांचे मिश्रण आढळते. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात बेसाल्टखालचे अधिक जुने ग्रॅनाइट, नाइस आणि क्वार्ट्झाइट हे खडक उघडे पडतात आणि वाळूतील पांढऱ्या गारगोटीचे प्रमाण वाढते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळ्या, जड वाळूचे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचे खनिज असते. मुलांना हे घरच्या घरी पाहता येते. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळले आणि बुडबुडे आले, तर तिच्यात शिंपल्याचा चुना आहे. कोरड्या वाळूतून चुंबक फिरविला की मॅग्नेटाइटचे काळे कण त्याला मिशांसारखे चिकटतात.

किल्ला उभा राहतो कशामुळे?

कोरडी वाळू ओतली तर तिचा ढीग ३० ते ३५ अंशांच्या उतारावर थांबतो. त्याहून उभी भिंत ती धरत नाही. पाण्यात पूर्ण बुडालेली वाळूही तशीच वाहते. या दोन टोकांच्या मध्ये, वाळू केवळ ओलसर असताना, दोन कणांच्या स्पर्शाजवळ पाण्याचा एक सूक्ष्म पूल तयार होतो. पाण्याचा पृष्ठताण हा पूल आक्रसू पाहतो आणि कणांना एकमेकांकडे ओढतो. असे असंख्य पूल मिळून बुरूज तोलून धरतात. दिवाळीत अंगणात होणारा मातीचा किल्ला वाळल्यावरही टिकतो, कारण तेथे चिकणमातीचे चपटे, अतिसूक्ष्म कण एकमेकांना धरून बसतात. वाळूचा किल्ला वाळला की पूल तुटतात आणि भिंत सरकते.

पाणी किती असावे, यावर शास्त्रज्ञांनीही वेळ खर्च केला आहे. ब्रिटनमधील बोर्नमथ विद्यापीठाने २००४ मध्ये आठ बादल्या कोरड्या वाळूला एक बादली पाणी, असे प्रमाण सांगितले. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ठोकून घट्ट केलेल्या वाळूच्या खांबाला आकारमानाच्या जेमतेम एक टक्का पाणी असताना सर्वाधिक बळकटी आली. हे दोन आकडे परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात किनाऱ्यावर त्याने फारसे अडत नाही. पाण्याचे प्रमाण बऱ्याच मर्यादेत कमीजास्त झाले तरी ओल्या वाळूची ताकद फारशी बदलत नाही, असे अन्य प्रयोगांतून दिसले आहे. जास्तीचे पाणी खाली झिरपूनही जाते. खरा फरक पडतो तो ठोकण्याने. वाळू जितकी दाबून बसवावी, तितके कणांचे स्पर्श वाढतात आणि तितके पूलही.

ॲमस्टरडॅमच्या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष किल्लेदारांना अधिक उपयोगी आहे. खांबाची कमाल उंची पायाच्या प्रमाणात वाढत नाही. पायाची त्रिज्या दुप्पट केली, तर उंची सुमारे १.६ पटच वाढविता येते. उंची दुप्पट हवी असेल तर त्रिज्या जवळजवळ २.८ पट घ्यावी लागते. मुलांचे मनोरे एका बाजूला कलतात, त्यामागे बहुधा पाया अरुंद ठेवल्याची चूक असते.

व्यावसायिक वाळूशिल्पकार याच नियमांवर काम करतात. तळ नसलेल्या लाकडी चौकटीत वाळू आणि पाणी भरून थर ठोकायचे, त्यावर लहान चौकट ठेवून पुन्हा भरायचे, आणि मग वरची चौकट काढून कोरीव काम शेंड्याकडून खाली आणायचे, अशी ही पद्धत आहे. ओडिशातील पुरीचे सुदर्शन पटनायक यांनी या कलेला भारतात प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१७ मध्ये पुरीच्या किनाऱ्यावर त्यांनी उभारलेला १४.८४ मीटर उंचीचा किल्ला त्या वेळी जगातील सर्वांत उंच ठरला. पुढे २०१९ मध्ये जर्मनीत आणि २०२१ मध्ये डेन्मार्कमधील ब्लोखुस येथे तो विक्रम मोडला गेला. ब्लोखुसचा किल्ला २१.१६ मीटरचा होता. मात्र त्याच्या वाळूत चिकणमाती मिसळलेली होती आणि वारा-थंडीपासून बचावासाठी वरून गोंदाचा थर दिला होता. चौपाटीवरच्या हौशी किल्लेदाराने त्याच्याशी बरोबरी करू नये.

वेळ साधायची असेल, तर कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला ठोकताळा आजही कामाचा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर पाणी उतरू लागले की सुमारे सहा तास ओहोटीचे. भरतीच्या रेषेच्या जरा खाली, पाणी नुकतेच सरकलेल्या जागी बांधकाम सुरू केले, तर ओली वाळू हाताशी राहते.

खड्ड्यांचे एक वेगळे सांगायला हवे. किल्ल्यासाठी वाळू काढताना मुले खोल खणत जातात आणि मग त्या खड्ड्यात उतरतात. कडा वाळल्या की हेच पाण्याचे पूल क्षणात तुटतात. अमेरिकेतील डॉक्टरांनी २००७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अशा ५२ दुर्घटनांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत ३१ जण दगावले होते आणि बळींत मुले व तरुणच अधिक होते. खड्डा आत उतरणाऱ्या मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल असू नये, आणि निघताना तो बुजवावा.

वाळूतले प्लास्टिक

प्लास्टिकचे तुकडे वाळूएवढे झाले की ते निवडून काढणे जवळजवळ अशक्य होते. मोठे तुकडे उचलता येतात, आणि ते मोठ्या प्रमाणावर उचलले तर किनारा बदलतो, हे वर्सोव्याने दाखविले आहे. तेथे वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये स्वच्छता सुरू झाली आणि मार्च २०१८ मध्ये त्या पुळणीत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले आढळली.

बारीक तुकड्यांनी वाळूचे गुणधर्मही बदलतात. हवाई बेटांवरील किनाऱ्याच्या वाळूवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्लास्टिकमिश्रित वाळूतून पाणी अधिक वेगाने झिरपते आणि ती अधिक सावकाश तापते, असे आढळले. कासवांच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नाही. अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्यातील वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू थंड असेल तर नर अधिक. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ही घरटी दरवर्षी असतात.

वाळूत मिळणारे सारेच प्लास्टिक पर्यटकांनी टाकलेले नसते. खेळण्यांच्या कारखान्याला लागणारा कच्चा मालसुद्धा थेट समुद्रात सांडतो. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ जहाजाला आग लागली तेव्हा सुमारे १,६८० टन प्लास्टिक दाणा समुद्रात गेला. मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाल्यावर केरळच्या किनाऱ्यांवर असाच पांढरा दाणा पसरला. मसुराएवढा हा दाणा वितळवूनच बादल्या आणि फावडी बनतात.

टाकाऊ प्लास्टिकपासून बादली

बादलीच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा कोरलेला असतो. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही दोन्ही टणक, चिवट आणि पाण्यावर तरंगणारी प्लास्टिके आहेत, खेळण्यांसाठी उत्तम. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे पेट आणि ३ म्हणजे पीव्हीसी. ही पाण्यात बुडतात. एचडीपीई सुमारे १३० अंश सेल्सिअसला, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे आणि पेट तर २५० च्या आसपास वितळते. साऱ्यांची भेळ एकाच भट्टीत टाकली, तर काही करपते, काही कच्चे राहते आणि तयार वस्तू ठिसूळ होते. पुनर्वापराचा सारा कस त्यामुळे वेगळे करण्यात आहे.

हे काम आपल्याकडे प्रामुख्याने भंगाराच्या धंद्यात होते. धारावीतील तेरा कंपाउंडमध्ये ते अनेक दशके चालत आले आहे. मोडका तुकडा वाकवून, आपटून त्याचा आवाज ऐकून आणि प्रसंगी जाळून वासावरून कामगार प्लास्टिकची जात ओळखतात. मग माल यंत्रात भरडतात, धुतात, वाळवतात, वितळवून त्याचे दोर काढतात आणि ते कापून पुन्हा दाणा करतात. हा दाणा साच्यात दाबला की बादली तयार. एका काचेच्या पेल्याएवढी सावधगिरीही ज्याच्या नशिबी येत नाही, त्या डब्याला दुसरा जन्म मिळतो तो या हातांमुळे, आणि खेळण्याच्या वेष्टनावर त्यांचा उल्लेख कधी नसतो.

अमेरिकेतील ‘ग्रीन टॉईज’ ही कंपनी दुधाच्या वापरलेल्या कॅनपासून वाळूची खेळणी बनविते. तेथील दुधाचे कॅन एचडीपीईचे असल्याने एकाच जातीचा, खाद्यपदार्थाच्या दर्जाचा माल तिला मिळतो. आपल्याकडे दूध येते ते पातळ पिशवीतून. ती मऊ एलडीपीईची असते. तिची टणक बादली होत नाही.

‘समुद्रातील प्लास्टिकपासून बनविलेले’ या दाव्याकडे थोडे सावधपणे पाहिलेले बरे. उन्हात आणि खाऱ्या पाण्यात पडलेल्या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटलेल्या असतात. त्याला चिकटलेली वाळू यंत्राची पाती झिजविते. म्हणून असा माल बहुधा नव्या किंवा चांगल्या दाण्यात मिसळावा लागतो. अनेकदा तर तो समुद्रातून काढलेला नसतोच. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत गोळा केलेल्या, समुद्रात जाण्याची शक्यता असलेल्या कचऱ्यालाही व्यवहारात याच धर्तीचे नाव दिले जाते. त्यात गैर काही नाही, पण ग्राहकाला फरक माहीत हवा.

दुसरा प्रश्न आरोग्याचा आहे, आणि तो अधिक गंभीर. भंगारात आलेल्या टीव्ही-संगणकांच्या काळ्या कवचांत आग रोखणारी ब्रोमिनयुक्त रसायने असतात. २०१७ मध्ये २६ देशांतून घेतलेल्या, प्रामुख्याने रंगीत घनकोड्यांच्या नमुन्यांत, बहुतांश ठिकाणी ही रसायने आढळली. ज्या खेळण्याची मूठ मूल तोंडात घालणार, ते कशापासून बनले आहे हे पालकांना कळायलाच हवे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पुनर्वापरित असो वा नवे, जाळीच्या पिशवीतील संच उचलण्यापूर्वी ते चिन्ह शोधावे. त्याविना मिळणारा गडद काळा माल टाळावा.

घरी गॅसवर प्लास्टिक वितळवून साचे करण्याचे प्रयोग अजिबात करू नयेत. पीव्हीसीचा तुकडा त्यात गेला, तर दाहक हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो.

वितळविण्याची गरजही नाही. खाद्यतेलाचा मूठ असलेला रिकामा डबा तिरका कापला आणि कडा घासून घेतल्या की वाळू उपसण्याचे झकास सूप तयार होते. दह्याचे, आइस्क्रीमचे डबे म्हणजे तयार बुरूज. झाकणाला खिळ्याने भोके पाडली की चाळणी. नारळाच्या करवंटीचा घुमट तर कोणत्याही साच्यापेक्षा सुबक उतरतो, कारण आतला गोल गुळगुळीत असतो आणि ती चटकन सुटते. ती किनाऱ्यावर राहिली तरी सडून जाते. किल्ल्याच्या कडा कापायला घरातले स्टीलचे उलथने पुरते.

विकतचा संच घ्यायचाच असेल, तर जाड भिंतीचा, एकाच प्लास्टिकचा आणि धातूचे जोड नसलेला घ्यावा. मोडल्यावर तो सुक्या कचऱ्यातून भंगारवाल्याकडे जाऊ शकतो. प्रत्येक नगावर मुलाचे नाव न पुसणाऱ्या शाईने लिहावे आणि घरून निघताना मोजलेले नग, भरतीची वेळ होण्यापूर्वी, पुन्हा एकदा मोजावेत. लहान फावडी बहुधा बुजविलेल्या खड्ड्यातच राहतात.