इंदूर-पद्धतीचे दोन कर्ते

इंदूर शहराचे नाव सातासमुद्रांपलीकडे कशामुळे गेले, असा प्रश्न एखाद्या मराठी सभेत केला तर उत्तरे बहुधा ठरलेलीच येतील. कोणी पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव घेईल. कोणी कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघाची आठवण काढील, ज्याने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला; कोणी देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतून बाहेर पडलेल्या बेंद्रे आणि हुसेन यांचे दाखले देईल. यांतील एकही उत्तर खोटे नाही. तथापि इंग्लंडातील शेतकऱ्यांच्या, केनयातील कॉफीच्या मळेवाल्यांच्या आणि सिंहलद्वीपातील चहाच्या बागाइतदारांच्या तोंडी 'इंदूर' हा शब्द जो बसला तो यांपैकी कशानेही नव्हे. तो बसला शेण, पालापाचोळा आणि पऱ्हाट्या यांनी भरलेल्या एका खड्ड्यामुळे. कंपोस्ट खत करण्याच्या 'इंदोर प्रोसेस'ची ही कथा आहे.

ही कथा आम्हांस फार उशिरा कळली, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही कायद्याच्या अभ्यासासाठी इंदुरास होतो. समुद्रकाठच्या गावातून माळव्यात आलेल्या मुलाला ते शहर म्हणजे एक उत्सवच वाटे. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी राजवाड्याभोवती फेरफटका, आणि खिशात चार पैसे असले तर रात्री सराफ्यात खाद्ययात्रा. २००१ साली विजयाबाई राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले तेव्हा मागच्या रांगांत बसून आम्ही भाषणे ऐकली, आणि परत येताना ती किती लांबली यावर वाद घातला. 'सायबर कॅफे' नावाचे नवे प्रकरण तेव्हा गल्लोगल्ली निघाले होते. तेथे तासाचे पैसे मोजून आम्ही जगाची चिंता करीत असू. जागतिक व्यापार संघटना, पेटंटचे कायदे आणि गरीब देशांच्या ज्ञानावर श्रीमंतांनी सांगितलेला हक्क, हे आमच्या खोलीतील नित्याचे विषय. हळदीच्या जखम भरून काढणाऱ्या गुणावर अमेरिकेत दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले होते. तो लढा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढविला, आणि तिचे धुरीण डॉ. रघुनाथ माशेलकर हे आमच्या गोव्यातील माशेलचे, म्हणून आम्ही तो दाखला जरा अधिकच उंच आवाजात देत असू. कडुनिंबाचे युरोपीय पेटंटही २००० साली रद्द झाले. ज्ञान कोणाच्या मालकीचे, यावर पहाटेपर्यंत वितंडवाद चाले. आणि ज्या शहरात तो चाले, त्याच शहरात साठसत्तर वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पाठीवरील वाटेल त्या शेतकऱ्याला फुकट देऊन टाकलेली एक विद्या जन्मास आली होती, याची आमच्यापैकी एकालाही गंधवार्ता नव्हती! त्या जागेवरून आम्ही कितीदा तरी सायकलीने गेलो असू.

आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातील पुसा येथील सरकारी शेतकी संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या केंब्रिजला शिकलेल्या व वनस्पतींच्या शरीरक्रियांवर संशोधन केलेल्या विदुषी होत्या, आणि पुसाच्या प्रसिद्ध गव्हाच्या वाणांत त्यांचा वाटा पतीइतकाच होता. पुसाला हॉवर्डना एक गोष्ट सतत टोचत असे. एकच पीक, पण त्याची मुळे एका खात्याकडे, कीड दुसऱ्याकडे, रोग तिसऱ्याकडे आणि माती चौथ्याकडे! प्रयोगशाळेची कडी आतून लावून बसणाऱ्या संशोधकांवर त्यांनी पुढे पुष्कळ कठोर लिहिले आहे. शेतकरी आपल्या पिकाकडे सगळ्या अंगांनी एकदम पाहतो, तसे पदवीधरालाही पाहता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तशी संस्था हवी म्हणून त्यांनी इंदूर निवडले. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर काळी जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला, मध्य हिंदुस्थान व राजपुतान्यातील संस्थानांनी वर्गणी घातली, आणि १९२४ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली.

पद्धती सांगायला सोपी आहे. सुमारे ३० फूट लांब व १४ फूट रुंद, दोनतीन फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा घ्यावा. शेतातला सर्व प्रकारचा काडीकचरा एकत्र करावा. एकाच जातीचा नको. पऱ्हाट्या-तुराट्यांसारखे कठीण सरण शेतातल्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडू द्यावे, मग बैलांखाली अंथरावे. त्यावर शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती आणि चुलीतील राख यांचे थर द्यावेत, पाणी शिंपडावे, आणि ठरल्या दिवसांनी ढीग उलथावा. प्रथम बुरशी आपले काम करते, मागाहून जंतू. हवा कमी पडली तर ढीग कुजून घाण सुटते, पाणी कमी पडले तर काम थांबते. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, मातीच्या वासाचे खत हाती येते. यात मुनिमाचा एक हिशेब आहे. आरंभी मिश्रणात नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे तेहतीस भाग असावेत, शेवटी ते दहाच्या आसपास यावेत. हे प्रमाण साधले म्हणजे नत्र उडून जात नाही. चीनमधील शेतकरी शतकानुशतके असे खत करीत आले होते, आणि अमेरिकन लेखक किंग यांनी १९११ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. हॉवर्ड यांनी हे ऋण मोकळेपणाने मान्य केले. इंदुरात भर पडली ती मोजमापाची.

आणि हे मोजमाप करणाऱ्या गृहस्थांचे नाव यशवंत डी. वाड. संस्थेत ते रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. १९३१ साली ऑक्सफर्डने 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक काढले, ज्यातून ही पद्धती प्रथम जगापुढे सांगोपांग मांडली गेली. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड व वाड अशी दोन नावे आहेत. वकिलाच्या नजरेने पाहिले तर हा दस्तऐवज निःसंदिग्ध आहे. दोन कर्ते, दोघांच्या सह्या. साहेबाने साहाय्यकाचे नाव प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीत आभारापुरते घालावे, अशी त्या काळची सर्वसाधारण रीत होती. हॉवर्ड यांनी ती पाळली नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण होय. मग वाड गेले कोठे? आज जगातील कोणत्याही सेंद्रिय शेतीच्या ग्रंथात हॉवर्ड भेटतात. वाडांचे नाव भेटलेच तर तळटीपेत भेटते.

आमच्या मते याचे एक कारण या विद्येच्या औदार्यातच आहे. त्याच सुमारास, १९२१ साली, इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथील दोन शास्त्रज्ञांनी कृत्रिम शेणखताची एक रीत शोधली होती. तिचे पेटंट घेतले गेले, कंपनी निघाली, आणि लागणारी पूड 'ॲडको' या नावाने विकली जाऊ लागली. इंदूरच्या पद्धतीत विकत घेण्यासारखे काहीच नव्हते. हॉवर्ड यांनी तिला स्वतःचे नाव दिले नाही, शहराचे दिले. पेटंटच्या कागदावर शोधकांची नावे कायद्यानेच नोंदली जातात, तंटा झाला तर न्यायालयात ती पुन्हापुन्हा वाचली जातात. जे सर्वांचे झाले त्याला असा वारसनोंदीचा दप्तरखाना नसतो. त्यात १९३१ साली हॉवर्ड स्वदेशी परतले, १९३४ साली 'सर' झाले, व्याख्याने देत हिंडले, ग्रंथ लिहीत राहिले. वाड इंदुरातच खड्ड्याशी राहिले. जो बोलतो त्याचे नाव उरते.

या संस्थेची दुसरी एक गोष्ट आम्हांस खतापेक्षाही अधिक विचार करण्याजोगी वाटते. ती मजुरांची. चांगले काम हवे तर मजुरी ठरल्या दिवशी मिळाली पाहिजे, कामाचे तास थोडे आणि मध्ये विश्रांती असली पाहिजे, घर बरे असले पाहिजे, औषधपाणी झाले पाहिजे, असे हॉवर्ड यांनी नुसते लिहिले नाही, ते त्यांनी इंदुरात अमलात आणले. फावला वेळ ही चैन नसून कामाचाच एक भाग आहे, हा विचार १९२०-३० च्या दशकात, संस्थानी मुलखात, शेतमजुरांच्या बाबतीत! ढीग वेळच्या वेळी उलथला गेला पाहिजे, आणि थकलेला माणूस तो उलथीत नाही, इतके साधे हे शास्त्र होते. आमच्या विद्यार्थिदशेतील फावल्या वेळाचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

१९३५ च्या एप्रिलात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा ते हे खड्डे पाहण्यास मुद्दाम गेले, आणि त्याच वर्षी 'हरिजन'मधून या खताची माहिती वाचकांपुढे आली. (औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष असलेले मराठी साहित्य संमेलनही त्याच वर्षी इंदुरातच भरले. एका वर्षात एका शहराने दोन साहित्य संमेलने आणि एक उकिरडा अशा तिन्हींचा मान राखला, हे काही थोडे नव्हे.) पुढे १९४० साली हॉवर्ड यांचे 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' निघाले. टेस्टामेंट म्हणजे आमच्या धंद्यात मृत्युपत्र. आणि ते अर्पण केले आहे दिवंगत गॅब्रिएल यांना, ज्या १९३० साली, इंदूरचे काम फळास येत असतानाच, वारल्या. हे मृत्युपत्र वाचून अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, आणि इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बालफर यांनी १९४३ साली आपला ग्रंथ लिहिला. आज ज्याला जगभर सेंद्रिय शेती म्हणतात तिच्या मोठ्या मुळांपैकी एक अशा रीतीने माळव्याच्या काळ्या मातीत आहे.

हॉवर्ड यांचे सर्वच म्हणणे खरे ठरले असे मात्र नव्हे. ह्यूमस भरपूर असला की पिकाला, गुराला व माणसाला रोग शिवणार नाहीत, अशी त्यांची जी जवळजवळ श्रद्धा झाली होती, ती पुराव्याच्या पुष्कळ पुढे गेली होती. स्वतंत्र भारताची भूक एकट्या कंपोस्टाने भागली नसती, हेही आम्ही मानतो. सिंदरीचा खतकारखाना १९५१ मध्ये सुरू झाला तो हौसेखातर नव्हे. परंतु रासायनिक नत्र गरजेपेक्षा अधिक टाकल्याने पाणी बिघडते, आणि नायट्रस ऑक्साइड हवेत जाऊन पृथ्वीचा ताप वाढवितो, हे आता पाठ्यपुस्तकात आले आहे. कर्ब आणि नत्र यांचा जो हिशेब वाडांनी एका खड्ड्यापुरता मांडला, तोच आज साऱ्या जगाला मांडावा लागत आहे.

वाडांच्या दुसऱ्या कामाकडे तर फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे. हॉवर्ड गेल्यानंतर, १९३४ साली, त्यांनी नवे संचालक जॅक्सन यांच्यासह वस्तीतील मैला व केरकचरा यांची आरोग्यास बाधा न येता याच पद्धतीने विल्हेवाट कशी लावावी, यावर एक निबंध प्रसिद्ध केला. शेतातील खड्डा शहराच्या वेशीत आला तो येथे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदुराने सलग वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला, २०२२ च्या फेब्रुवारीत देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करणारा कारखाना सुरू झाला, याचा सर्वत्र गौरव झाला आणि तो व्हावाच. पण त्या गौरवाच्या भाषणांत १९३४ सालचा निबंध आम्ही तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. खजराना गणपतीच्या देवळातील फुलांचे खत होते हे वाचून आम्हांस मात्र घरची आजी आठवली. देवावरचे निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून ती ते रोज माडाच्या आळ्यात नेऊन टाकी, वर राखेची मूठ पसरी, आणि सोवळ्याखेरीज कोणाला त्याला हात लावू देत नसे. कर्ब-नत्राचे प्रमाण तिला ठाऊक नव्हते. माडाला मात्र ते ठाऊक असावे.

संस्थेच्या जागेवर आज शासकीय कृषी महाविद्यालय आहे. शहर वाढत वाढत त्याच्या चहूबाजूंनी आले, आणि शहरात मधोमध असलेल्या मोकळ्या जमिनीकडे सर्वांचे डोळे लागतात तसे तिच्याकडेही लागले. २०२२ साली ती वाचविण्यासाठी येथील विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. ज्या मुलांचे फावले तास सराफ्यात आणि मोबाइलच्या पडद्यावर जातात असे आम्ही वडीलधारे म्हणतो, त्यांनीच ते तास या मातीसाठी खर्च केले.

मागे एका दाव्याच्या निमित्ताने इंदुरास गेलो असता, महाविद्यालयाजवळच्या चहाच्या टपरीवर दोघा पदव्युत्तर विद्यार्थ्यांशी आमचे बोलणे झाले. हॉवर्ड त्यांना चांगलेच ठाऊक होते. पद्धतीचे मोजमाप त्यांनी बोटांवर म्हणून दाखविले. दुसऱ्या कर्त्याचे नाव विचारताच त्यातील एकाने मोबाइलवर पुस्तकाचे मुखपृष्ठ काढले आणि रोमन अक्षरे लावून मोठ्याने वाचले, "यशवंत वाद."

"वाद आमच्याकडे चालतात," आम्ही म्हणालो. "हे वाड."

त्याने हसून ते नाव आपल्या वहीत देवनागरीत लिहून घेतले, आणि आमचा चहा येईपर्यंत पुस्तकाचे दुसरे पान उघडले होते.