रिकामी जागा कोणाची?

निवडणूक कशी व्हावी, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु निवडून आलेला मनुष्य मुदतीपूर्वी मरण पावला, राजीनामा देऊन गेला किंवा दुसऱ्या पदावर चढला, तर त्याची जागा कोणी व कशी भरावी, या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रश्न वरवर कारकुनी दिसतो. वस्तुतः लोकसत्तेच्या घरात चोर शिरतो तो बहुधा अशाच एखाद्या दुर्लक्षित खिडकीतून. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या एका प्रश्नाने सव्वादोनशेहून अधिक वर्षे राज्यकर्त्यांची आणि लोकांची परीक्षा पाहिली आहे. तो इतिहास आपणांसही बोधप्रद आहे.

अमेरिकेच्या घटनाकारांनी 1787 साली दोन सभागृहे योजिली. प्रतिनिधिगृह लोकांनी थेट निवडावयाचे. तेथील जागा रिकामी झाली, तर राज्याच्या गव्हर्नरने पोटनिवडणूक पुकारावयाची. नेमणुकीने त्या गृहात आजवर एकही सभासद बसलेला नाही. सिनेटची गोष्ट वेगळी. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, मुदत सहा वर्षांची, आणि त्यांची निवड राज्याच्या विधिमंडळाने करावयाची. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना जागा रिकामी झाली, तर पुढील अधिवेशनापर्यंत गव्हर्नरने तात्पुरता मनुष्य नेमावा, अशी तजवीज होती. विधिमंडळे वर्षातून थोडे दिवस भरत आणि प्रवास घोड्यांच्या पाठीवरून होई. त्या काळी ही तजवीज शहाणपणाचीच होती. येथे एक खुलासा केला पाहिजे. तेथील आजचा गव्हर्नर आपल्या राज्यपालाप्रमाणे वरून नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडलेला आणि पक्षाचा पुढारी असतो. त्यामुळे त्याच्या हातची नेमणूक ही पक्षाच्या हातची नेमणूक ठरते.

पहिले दुखणे मात्र निराळ्याच ठिकाणी उद्भवले. विधिमंडळाचे एकमत होईना. 1866 च्या कायद्याने असे ठरविले की, बहुमत होईपर्यंत दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून रोज निदान एकदा मतदान करावे. परिणाम असा झाला की, रोज मते पडत, रोज पेच कायम राही आणि राज्याची इतर कामे तशीच पडून राहत. 1891 ते 1905 या काळात वीस राज्यांत असे 45 पेच पडले. डेलावेअर राज्यात ॲडिक्स नावाच्या गॅसच्या धंद्यातील धनाढ्याला सिनेटर व्हावयाचे होते. त्याच्या पायी रिपब्लिकन पक्षात उभी फूट पडली आणि मार्च 1901 पासून मार्च 1903 पर्यंत, सारी दोन वर्षे, त्या राज्याचा एकही प्रतिनिधी सिनेटमध्ये नव्हता. ॲडिक्सला जागा अखेरपर्यंत मिळाली नाहीच. पण एका माणसाच्या हव्यासापायी सबंध राज्य मुके झाले.

मग गव्हर्नरने जागा भरून टाकावी काय? पेनसिल्व्हेनियात तसे झाले. विधिमंडळाने कोणासच निवडले नाही, तेव्हा गव्हर्नरने 1899 साली मॅथ्यू क्वे यांची नेमणूक केली. एप्रिल 1900 मध्ये सिनेटने 33 विरुद्ध 32 अशा अवघ्या एका मताने त्यांना नाकारले. विधिमंडळाने निवडण्याचे टाळावे आणि गव्हर्नरने ती संधी साधावी, हा पायंडा सिनेटला मान्य नव्हता.

त्याच वर्षी माँटाना राज्यात जे घडले, ते नाटकात घातले तर प्रेक्षक अतिशयोक्ती म्हणून हसतील. तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांची निवड लाचेने झाली असल्याने ती रद्द समजावी, असा अहवाल सिनेटच्या समितीने दिला. सभागृहाचे मत पडण्यापूर्वीच क्लार्क यांनी राजीनामा दिला. गव्हर्नर त्या वेळी राज्याबाहेर होते. ती संधी साधून त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या उपगव्हर्नरांनी, क्लार्क यांच्या राजीनाम्याने रिकामी झालेल्या जागेवर, खुद्द क्लार्क यांचीच नेमणूक केली! गव्हर्नर परतले, त्यांनी ती नेमणूक रद्द करून दुसरा मनुष्य नेमला. शेवटी दोघांपैकी कोणासही सिनेटने बसू दिले नाही. परंतु पुढच्याच वर्षी हेच क्लार्क रीतसर निवडून सिनेटमध्ये दाखल झाले. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, पण काळ सोकावतो, तो असा.

अशा प्रकारांना लोक विटले आणि 1913 साली सतरावी घटनादुरुस्ती झाली. सिनेटर लोकांनी थेट निवडावयाचे ठरले. रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक हा नियम झाला. मात्र राज्याच्या विधिमंडळाची इच्छा असेल, तर लोक निवड करीपर्यंत तात्पुरती नेमणूक करण्याचा अधिकार ते गव्हर्नरला देऊ शकेल, अशी पुस्ती जोडली गेली. बहुतेक राज्यांनी तो अधिकार दिला. ‘तात्पुरती’ हा शब्द घटनेत आला. पण तात्पुरती म्हणजे किती दिवसांची, हे प्रत्येक राज्यावर सोपविले गेले.

या नेमणुकांतून काही चांगलेही निपजले, हे मान्य केले पाहिजे. 1922 साली जॉर्जिया राज्यात रेबेका फेल्टन या 87 वर्षांच्या बाईंची नेमणूक झाली. लोकांनी निवडलेले सिनेटर एक दिवस थांबले, म्हणून त्यांना 21 नोव्हेंबरला शपथ घेता आली, आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिली स्त्री बसली. तथापि मोहाचीही उदाहरणे आहेत. नऊ गव्हर्नरांनी पद सोडून, आपल्या जागी येणाऱ्याकडून स्वतःचीच सिनेटवर नेमणूक करवून घेतली. पुढील निवडणुकीत लोकांनी त्यांपैकी एकालाच, केंटकीच्या चँडलर यांना, पसंत केले. 2002 साली अलास्काचे सिनेटर फ्रँक मुरकॉव्स्की गव्हर्नर झाले आणि आपल्याच रिकाम्या जागी त्यांनी आपली कन्या लिसा यांना नेमले. 2004 साली मतदारांनी नेमणुकीचा अधिकारच काढून घेतला. परंतु त्याच निवडणुकीत लिसाबाईंना मात्र निवडून दिले. रीत नाकारली आणि व्यक्ती स्वीकारली. लोकांचा विवेक तो हाच. इलिनॉय राज्यात 2008 साली बराक ओबामा अध्यक्षपदी निवडून आल्याने जी जागा सुटली, तिचा सौदा करू पाहिल्याबद्दल गव्हर्नर ब्लागोयेविच यांना अटक झाली आणि पुढे चौदा वर्षांची शिक्षाही झाली. ती शिक्षा 2020 साली कमी करण्यात आली आणि 2025 साली त्यांना अध्यक्षांकडून माफीही मिळाली.

मॅसॅच्युसेट्सचे उदाहरण याहून सौम्य, पण अधिक विचार करावयास लावणारे आहे. 2004 साली तेथील सिनेटर जॉन केरी अध्यक्षपदासाठी उभे होते. गव्हर्नर रिपब्लिकन होते. तेव्हा डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने त्यांचा नेमणुकीचा अधिकार काढून घेतला. 2009 साली एडवर्ड केनेडी वारले. आता गव्हर्नर डेमोक्रॅट होते. त्याच विधिमंडळाने तो अधिकार परत दिला. दोन्ही वेळी कारणे तत्त्वाची सांगितली गेली. ज्याच्या सोयीने नियम वाकतो, त्याला तो वाकलेला दिसत नाही, हेच खरे.

आपल्या घटनेने नेमणुकीची ही वाट संसदेतील रिकाम्या जागांसाठी ठेवलेली नाही. लोकसभेची जागा मतदारांनी आणि राज्यसभेत राज्यांतून निवडलेल्याची जागा विधानसभेच्या सभासदांनी पोटनिवडणुकीनेच भरावयाची आहे. 1996 पासून त्याला सहा महिन्यांची मर्यादाही घातली आहे. म्हणून आपण निर्धास्त व्हावे काय? 29 मार्च 2023 रोजी गिरीश बापट यांच्या निधनाने पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. मुदत एक वर्षाहून अधिक उरली होती. तरी पोटनिवडणूक झाली नाही. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तत्काळ घेण्याचा आदेश दिला. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. आणि पुण्याला खासदार मिळाला तो जून 2024 च्या सार्वत्रिक निकालानंतरच. डेलावेअर आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

तेव्हा या साऱ्या इतिहासातून आम्हांला एवढेच दिसते. जागा रिकामी ठेवली, तर लोक मुके होतात. दुसऱ्याने भरली, तर लोक परके होतात. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, आणि ते म्हणजे मोडता न येणारी तारीख. जागा ना गेलेल्याची असते, ना नेमणाऱ्याची, ना निवडणूक घेणाऱ्या कचेरीची. ती लोकांची असते. आणि आपली वस्तू परत केव्हा मिळणार, हे विचारण्याचा हक्क मालकाला असतोच. तो हक्क बजावावयाचा तर जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासूनच दिवस मोजावयास लागले पाहिजे.