पॅरिसची पेटी, मसुऱ्याचे बुवा

मालवण तालुक्यातल्या मसुऱ्यात चतुर्थीच्या दिवसांत घरोघरी भजन रंगते, तेव्हा बुवा पेटी पुढ्यात घेऊन बसतात. एका हाताने भाता, दुसऱ्याने सूर, तोंडी अभंग आणि कान मागे साथ करणाऱ्या पोरांकडे. गाणे, वाजवणे आणि शिकवणे ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे. भजन जुने आहे, पण त्यातली पेटी तशी अलीकडची. तिचा माग काढायचा तर आपल्याला गड नदीचे खोरे सोडून फार दूर जावे लागेल.

वाऱ्याने थरथरणारी पातळ पट्टी, म्हणजे पेटीवाल्यांचा 'सूर', चीनमधल्या 'शंग' या बांबूच्या वाद्यात हजारो वर्षांपासून आहे. कोपनहेगनचे प्राध्यापक क्रात्सेनस्टाइन यांनी १७८०च्या सुमारास माणसासारखे स्वर उच्चारणारे यंत्र केले, तेव्हा त्यांनी हेच तत्त्व वापरले. पुढे पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ यांनी १८४२ साली 'हार्मोनियम'चे पेटंट घेतले. ती पायपेटी होती. वाजवणारा खुर्चीवर बसे, पायांनी भाता मारी आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबी. अशा पेट्या चर्चबरोबर आणि इंग्रज घरांबरोबर हिंदुस्थानात आल्या. पण आपले गवई बैठकीवर मांडी घालून बसणारे, आणि आपल्या गाण्यात एकाच वेळी अनेक स्वर जुळवायचे नसल्यामुळे चालीला एक हात पुरे. कलकत्त्यात १८७५ साली 'द्वारकिन'चे दुकान थाटणारे द्वारकानाथ घोष यांचे नाव हातपेटीशी कायमचे जोडले गेले आहे. भाता पायांकडून हाताकडे आला आणि वाद्य जमिनीवर उतरले. माझ्या मते या वाद्याच्या प्रवासातले सर्वांत मोठे वळण तेच. त्यानंतर ते डोक्यावरून, होडीतून, कुठल्याही वाडीत नेता येऊ लागले.

मराठी मुलखात पेटीला मान मिळाला तो संगीत नाटकामुळे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी भास्करबुवा बखल्यांची साथ केली, १९११च्या 'मानापमान'ला चाली दिल्या आणि पेटी एकटीनेही मैफल उभी करू शकते हे दाखवले. दशावताराची गोष्ट याहून मागची. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी तो १७२८ साली कोकणात आणला असे परंपरा सांगते. ते साल धरले, तर पहिली शंभराहून अधिक वर्षे हा खेळ पेटीविनाच रात्रभर चालला. आज पखवाज आणि झांजेच्या जोडीला पेटी नसेल, तर सूत्रधाराला सूर कोण देणार, असा प्रश्न पडतो.

विद्वानांचा रोष मात्र पेटीला सोसावा लागला. तिचे स्वर ठोकून बसवलेले. तिला मींड येत नाही, श्रुती निसटतात. हा आक्षेप खरा आहे, आणि डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली ती याच उणिवेवर उत्तर म्हणून. पण १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने तिच्यावर बंदीच घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. तीस वर्षांचा हा अन्याय होता, असे मी स्पष्ट म्हणेन. त्या काळात पेटी जगली ती देवळांत, जत्रांत, नाटकमंडळ्यांत आणि शिकवणाऱ्यांच्या घरी. गोव्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) याच काळात घडले. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर यांच्याकडे ते शिकले, आणि पुढे त्यांनी स्वतः पुष्कळ शिष्य तयार केले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बोरकरांची शिष्यपरंपरा लिहून ठेवली गेली. मसुऱ्यासारख्या गावांतल्या बुवांचे तसे नाही. काळी चार की पांढरी एक, गजर कुठे चढवायचा, गौळणीत ठेका कधी बदलायचा, डबलबारीत समोरच्या बुवाला उत्तर कसे द्यायचे, हे सारे ज्ञान पोराला शेजारी बसवून दिले जाते, आणि देणाऱ्याचे नाव एका पिढीत पुसले जाते. तेव्हा वाचकहो, तुमच्या वाडीच्या भजनी मंडळाची वही असेल, तर तिच्यात बुवांच्या नावाखाली त्यांना पेटी कोणी शिकवली तेही यंदाच्या चतुर्थीला लिहून ठेवा.